रद्द झाल्याची दवंडी

हलगी वाजली तेव्हा मी पीठ मळत होते आणि आत्याबाई ओट्यावर शेंगा फोडत बसल्या होत्या. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. म्हातारीचे कान असे तिखट, की मी आत साखरेच्या डब्याचं झाकण काढलं तरी बाहेरून विचारायच्या, "मंदे, चहा टाकतीस का?" त्यामुळं दवंडी त्यांना माझ्याआधी ऐकू आली.

"मंदे, रेशन आलं वाटतं गं! का पोलिओचा डोस हाय?" असं म्हणत त्या अनवाणीच गल्लीत गेल्या.

लिंबाजी कोतवाल आमच्याच दारासमोर येऊन उभा राहिला. त्याच्या मागं दोन पोलीस. लिंबाजीनं हलगीवर टिपरू मारलं, खिशातून कागद काढला आणि मान वर न करता वाचायला लागला.

"ऐका हो ऐका... हातणगावची मंदोदरी नामदेव ढेपे, वय त्रेचाळीस, हिला आजपासून एक वर्षासाठी दोन जिल्ह्यांतून तडीपार केलं हाय हो... ती गावात दिसली तर पोलिसांना कळवायचं हो..."

मी पिठाच्या हातानं दारात आले. गल्लीतल्या बायका माझ्याकडं बघत होत्या. आत्याबाई आधी लिंबाजीकडं, मग माझ्याकडं बघत राहिल्या. मग त्यांनी ओट्यावरचं शेंगांचं सूप उचललं आणि आत गेल्या. त्या दिवसापासून म्हातारी ओट्यावर बसली नाही.

या गोष्टीला चौदा वर्षं झाली, तरी सांगताना माझं डोकं तापतंय. तडीपार कुणाला करतात? गुंडाला, मटकेवाल्याला, दारूवाल्याला. मी अंगणवाडीची सेविका. उंची चार फूट दहा इंच. मालक वारले तेव्हापासून घरात मी आणि सासू, दोघीच. एकोणीस वर्षं गावातल्या लेकरांची शेंबडं पुसली, वजनं केली, खिचडी खाऊ घातली. आणि माझ्या हातात दिलेल्या आदेशात काय लिहिलं होतं? "सदर इसमाच्या दहशतीमुळे साक्षीदार उघडपणे पुढे येण्यास धजावत नाहीत." सदर इसम म्हणजे मी! माझी दहशत! अहो, माझ्या अंगणवाडीतलं मांजर माझ्या डोळ्यादेखत दूध पिऊन जायचं.

हे कशामुळं झालं ते सगळ्या गावाला माहीत होतं. मतदारयादीचं काम सरकारनं आम्हा सेविकांच्याच गळ्यात मारलंय. गावाची यादी माझ्याकडं, कागदोपत्री मी बीएलओ. झेडपीच्या निवडणुकीआधी सर्जेराव एक गठ्ठा घेऊन आला. हा माजी सरपंचाचा मुलगा, वीटभट्टीचा मालक, आणि त्याला निवडणूक लढवायची होती. एकसष्ट फॉर्म. सगळ्यांचा पत्ता त्याची वीटभट्टी. मी भट्टीवर गेले, घरोघर काय, खोपटोखोपटी फिरले. त्यातलं एकही माणूस तिथं नव्हतं. मी एकसष्ट फॉर्मांवर एकसष्ट वेळा लिहिलं, "सदर पत्त्यावर आढळून आले नाहीत."

सर्जेराव अंगणवाडीत आला. लेकरं झोपली होती, म्हणून हळू आवाजात बोलला.

"बाई, सही करायला तुमचं काय जातं?"

"सहीच जाते की," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्याचा एक माणूस माझ्या हातातलं रजिस्टर ओढायला आला. मी सोडलं नाही. ओढाओढीत तो उंबऱ्याला अडखळून पडला आणि कपाळाला खोक पडली. झाली केस! बाईनं लाकडानं मारलं म्हणे. वर दोन तक्रारी शिवीगाळीच्या, त्याच्याच दोन गड्यांच्या नावानं. मारहाणीची केस तालुक्याच्या कोर्टात चालली आणि जूनमध्ये जज्जसाहेबांनी मला निर्दोष सोडलं. मी पेढे वाटले. म्हटलं, संपलं एकदाचं.

झेडपीचं मतदान मध्येच फेब्रुवारीत होऊन गेलं होतं. सर्जेराव पडला, तोही थोडक्या मतांनी. आता कळलं ना एकसष्ट म्हणजे काय ते? त्यानं मनात धरलं. त्याची ऊठबस ठाण्यात होती. पोलिसांनी माझ्या तडीपारीचा प्रस्ताव केला आणि एसडीएम, म्हणजे प्रांत साहेबांकडं पाठवला. पेढ्यांची चव तोंडातून गेली नव्हती, तोवर सुनावणीची तारीख हातात पडली.

ती सुनावणी मला शब्द न् शब्द पाठ आहे. साहेब फाईलमध्ये बघत होते. मी समोर उभी.

"साहेब, माझ्याविरुद्ध कोण बोललं?"

"दोन साक्षीदार आहेत. नावं गोपनीय आहेत."

"बरं, नावं नका सांगू. काय बोलले?"

"तेही गोपनीय."

"मी काय केलं म्हणतात? कुठं केलं? कोणत्या दिवशी?"

"बाई, सगळं गोपनीय आहे. तुमची दहशत आहे म्हणून तर त्यांचे जबाब बंद खोलीत घेतले."

"मग मी उत्तर कशाचं देऊ?"

"जे असेल ते द्या."

मी निर्दोष सुटल्याचा निकाल पुढं केला. त्यांनी तो वरच्यावर बघितला. "सुटलात ते ठीक आहे. पण गुन्हा दाखल तर झाला होता ना?"

म्हणजे बघा! कोर्ट म्हणतं मारलं नाही. साहेब म्हणतात, मारलं नसेल, पण मारल्याची तक्रार तर खरी आहे! मी म्हणाले, "साहेब, तुम्ही मला ओळखता." तेव्हा त्यांनी पहिल्यांदा मान वर केली. चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाले, "इथे ओळखीचा प्रश्न नाही." तीन ऑगस्टला आदेश निघाला आणि लिंबाजीची हलगी वाजली.

मी एका पिशवीत दोन लुगडी आणि दुसऱ्या पिशवीत कागद घेऊन धाकट्या बहिणीकडं शहरात गेले. हायकोर्टाचं खंडपीठ त्याच शहरात होतं, हे एक बरं झालं. आधी मुंबईला सरकारकडं अपील केलं. चार महिने तारखा, मग एक ओळ आली, "अपिलात तथ्य दिसून येत नाही." चार महिन्यांनी एक ओळ! इकडं अंगणवाडीची जागा गेली. पत्रात कारण लिहिलं होतं, "हद्दपारीच्या आदेशामुळे सेवा समाप्त." शेजारची सून आत्याबाईंना भाकरी करून घालायची आणि फोनवर सांगायची, "मामी, म्हातारी बरी हाय, पण भाईर येत न्हाई. गिरणीला सुदीक मलाच पाठवतीया."

हायकोर्टात मला फुकट कायदेशीर मदतीतून वकील मिळाली. निलोफर शेख नाव. अठ्ठावीस वर्षांची पोर, बोलणं चटचट, आणि मला पहिल्या दिवसापासून मावशी म्हणायची. मी तिला वकीलबाई म्हणायचे.

"मावशी, एक आधीच समजून घ्या," ती म्हणाली. "तुम्ही चांगल्या की वाईट, हे हायकोर्ट ठरवणार नाही. साहेबांनी निर्णय कसा घेतला तेवढंच बघणार. कागद वाचले का, तुमचं ऐकलं का, डोकं चालवलं का."

"म्हणजे भाजी कशी झालीय ते नाही, भांडी घासली होती का ते बघणार?"

"अगदी तेच!"

"मग बघा म्हणावं. भांडी खरकटीच होती."

पण बघायला वेळ कुणाला? आमचा नंबर यायचा तेव्हा कोर्ट उठायचं. सरकारी वकील म्हणायचे, रेकॉर्ड आलं नाही. रेकॉर्ड यायचं तेव्हा सरकारी वकील नसायचे. असं करता करता पुन्हा जुलै उजाडला. सतरा तारखेला आमचा नंबर एकदाचा लागला. तडीपारीचे सतराच दिवस उरले होते.

मोठी खोली, वर दोन जज्ज. मी मागच्या बाकावर, मांडीवर कागदांची पिशवी. सरकारी वकील उठले आणि इंग्रजीत बोलले. मी बारावी शिकलेय, निम्मंअर्धं कळलं. त्यांचं म्हणणं, सतरा दिवसांनी आदेशाची मुदत आपोआप संपतेय. आता त्याच्यावर कशाला डोकं घालायचं? याचिका निकाली काढा.

निलोफर माझ्याकडं आली आणि वाकून कुजबुजली, "मावशी, जज्जसाहेबांचाही कल दिसतोय. सतरा दिवसांनी तुम्ही तशाही घरी जाणार. भांडलो आणि हरलो, तर आदेश बरोबर होता असा हायकोर्टाचा शिक्का बसेल. काढू द्यायची का निकाली?"

"आणि माझी अंगणवाडी?"

"ती... ती मग अवघड आहे. आदेश तसाच राहतो ना."

"म्हणजे मी गुंड होते आणि शिक्षा भोगून परत आले, असंच ना?"

तिनं मान डोलावली.

"वकीलबाई, मला चुकीचं होतं असं लिहून पाहिजे. मुदत संपायला मी काय दूध आहे का? भांडा तुम्ही."

ती भांडली. पोर भांडली हो! हटली नाही. आदेश उभा राहिला तर हिची नोकरी जाते, नाव जातं, मुदत संपली म्हणून चूक संपत नाही, असं म्हणाली. दोन्ही जज्ज एकमेकांशी हळू बोलले. मग मोठे जज्ज म्हणाले, "रेकॉर्ड आणलंय का?"

तालुक्याहून आलेल्या हवालदारानं बंद पाकीट दिलं. लाखेचा शिक्का लावलेलं. वर्षभर ज्याच्यासाठी मी डोकं आपटत होते ते सगळं त्या पाकिटात होतं. जज्जसाहेबांनी ते फोडलं, चष्मा लावला. पहिला जबाब मनातच वाचला आणि बाजूला ठेवला. म्हणाले, "साक्षीदार अ. यात तारीखही नाही, वेळही नाही. ही बाई वाईट आहे, एवढंच आहे." मग दुसरा घेतला. जबाब मराठीत होता, म्हणून तो त्यांनी मोठ्यानं वाचला.

"साक्षीदार ब. दिनांक सोळा फेब्रुवारी रोजी सकाळी अकराच्या सुमारास मी तालुक्याच्या बसस्टँडवर उभा असताना सदर महिलेने माझ्या गळ्याला कोयता लावून, माझ्याविरुद्ध पोलिसात गेलास तर खांडोळी करीन, अशी धमकी दिली..."

"खोटं हाय!"

माझ्या तोंडून ते कधी निघालं मलाच कळलं नाही. मी उभी होते. सगळी खोली वळून बघत होती. कोर्टाचा शिपाई माझ्याकडं धावला. निलोफरचा चेहरा पांढराफटक. "मावशी, बसा! बसा खाली! इथं असं बोलत नाहीत!"

मोठ्या जज्जांनी हात वर करून शिपायाला थांबवलं आणि मराठीत विचारलं, "काय खोटं आहे, बाई?"

"तारीख, साहेब. सोळा फेब्रुवारीला झेडपीचं मतदान होतं. मी बूथवर होते. सकाळी साडेसहापासून संध्याकाळी मशिनी गाडीत चढेपर्यंत हातणगावच्या शाळेत, यादी घेऊन. आठशे बारा माणसांनी माझ्यासमोर मतदान केलं. विचारा कुणालाही!"

"याचा काही पुरावा?"

"आहे ना! अकरा वाजता साहेब स्वतः बूथवर आले होते. माझ्या हातचा चहा प्यायले."

"कोणते साहेब?"

"हेच, ज्यांनी मला तडीपार केलं!"

खोलीत कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. मी पिशवीत हात घातला. एकोणीस वर्षांत एका सरकारी माणसानं माझं कौतुक लिहून केलं होतं ते एकदाच. म्हणून बूथवरच्या भेटवहीच्या त्या पानाची मी झेरॉक्स काढून ठेवली होती, शाळेच्या दाखल्यासोबत. तो कागद मी निलोफरला दिला, तिनं वर दिला. त्यावर लिहिलं होतं, "१६ फेब्रुवारी, वेळ ११.०५. मतदान केंद्रास भेट दिली. बीएलओ श्रीमती ढेपे उपस्थित. यादीचे काम उत्कृष्ट." खाली लांबलचक शेपटाची सही.

जज्जसाहेबांनी तो कागद आणि तडीपारीचा आदेश शेजारी शेजारी धरले. दुसरे जज्जही वाकून बघायला लागले. दोन्हीकडं तेच शेपूट.

सरकारी वकील म्हणाले, ही झेरॉक्स आहे, रेकॉर्डवर नाही, यावर विसंबू नये.

"मूळ वही तुमच्याच साहेबांच्या ऑफिसात असेल," जज्ज म्हणाले. "जेवणाच्या सुट्टीत फोन करून विचारा. अडीच वाजता सांगा."

सुट्टीत निलोफरनं डबा उघडला, पण खाल्ला नाही. माझ्यावर चिडली होती. "मावशी, हा कागद वर्षभर पिशवीत होता? मला आधी दाखवायला काय झालं होतं?"

"अगं पोरी, माझ्यावर कोणत्या दिवसाचा आळ आहे ते मला आज कळलं! गोपनीय होतं ना सगळं!"

तिच्याच डोळ्यांत पाणी आलं. मला नाही आलं. मला राग आला होता, आणि राग आला की मला रडू येत नाही. खोटं रचणाऱ्यांनी कॅलेंडर बघायचे सुद्धा कष्ट घेतले नव्हते. त्या दिवशी ठाण्यातले सगळे पोलीस बंदोबस्ताला, सगळे साहेब ड्युटीला, आणि नेमकी तीच तारीख यांनी माझ्या कोयत्याला दिली. का? कारण हा जबाब पुन्हा कुणी वाचणार नाही याची त्यांना खात्री होती.

अडीच वाजता सरकारी वकील उभे राहिले. सकाळचा आवाज नव्हता आता. म्हणाले, सही साहेबांचीच आहे. भेट दिल्याचं ते मान्य करतात.

"मग आदेश काढताना त्यांना हे आठवलं नाही?" जज्जांनी विचारलं.

"माय लॉर्ड, त्यांचं म्हणणं असं, की प्रस्ताव पोलिसांकडून तयार येतो. सोबत टिप्पणी असते. कामाच्या व्यापात टिप्पणीवरून सही होते. जबाब प्रत्यक्ष वाचले गेले नसावेत."

"वाचले गेले नसावेत," जज्ज सावकाश म्हणाले. "आणि जबाब खरा असल्याची खात्री केली असं ज्या पोलीस अधिकाऱ्यानं लिहून दिलंय, ते सोळा तारखेला कुठे होते?"

"बंदोबस्तावर."

"कुठल्या?"

सरकारी वकिलांनी कागद उलटसुलट केला. "बसस्टँड परिसर, माय लॉर्ड."

आता कुणी हसलं नाही. मला वाटलं होतं, असं काही ऐकलं की मला आनंद होईल. पण झाला नाही. म्हणजे माझा सगळा एक वर्षाचा वनवास, म्हातारीचं अंधारात बसणं, माझी लेकरं दुसऱ्याच्या हाती, हे सगळं एका न वाचलेल्या कागदापायी! वैर असतं तर समजून घेतलं असतं. सर्जेरावाचं वैर होतं, ते मला कळतंय. पण साहेबांचं माझ्याशी काहीच नव्हतं. कौतुकाची सही केली तेव्हाही नव्हतं आणि तडीपारीची केली तेव्हाही नव्हतं.

जज्जसाहेबांनी निकाल तिथंच सांगायला सुरुवात केली. खाली बसलेली बाई भराभर टाईप करत होती. निलोफर माझ्या कानात मराठी करत होती. "आदेश रद्द... मुदत संपत आली म्हणून अन्याय शिळा होत नाही म्हणतात... ज्या केसमध्ये निर्दोष सुटल्या तीच केस आधार म्हणून धरली, हे चूक... विचार न करता सही केली... अंगणवाडीची जागा परत द्यायची, मावशी! जागा परत!"

बाहेर व्हरांड्यात आल्यावर मी तिला विचारलं, "आणि त्या साहेबांचं काय होणार?"

"त्यांच्यावर ताशेरे ओढलेत."

"म्हणजे काय करतात?"

"म्हणजे... निकालात त्यांच्याबद्दल कडक शब्द लिहिलेत."

"माझ्यासाठी हलगी आणि त्यांच्यासाठी शब्द?"

तिनं मला निकालाची नक्कल मिळवून दिली आणि एका पानावर त्याचं मराठी स्वतःच्या हातानं लिहून दिलं. ते घेऊन मी पंचवीस जुलैला दुपारच्या एसटीनं गावात उतरले.

घराचं दार लोटलेलं होतं. आत्याबाई आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसल्या होत्या. वर्षभरात निम्म्या झाल्या होत्या. मला बघून हात पुढं केला, माझं तोंड चाचपलं. पहिला प्रश्न काय विचारावा म्हातारीनं?

"आलीस? का रातच्याला परत जायचंय?"

"नाही आत्याबाई. ते रद्द झालं. हायकोर्टानं रद्द केलं. खोटं होतं म्हणाले."

"कुणाला म्हणाले?"

"कोर्टात म्हणाले ना, सगळ्यांसमोर."

"गावाला कुणी सांगितलं? हलगी न्हाई वाजली ती?"

मी तशीच उठले आणि तालुक्याला ठाण्यात गेले. ठाणेदार नवे होते. त्यांनी निकाल वाचला, खुर्ची दिली, चहा सांगितला. मी म्हणाले, "चहा नको. ज्या गल्ल्यांत दवंडी दिली त्याच गल्ल्यांत रद्द झाल्याची दवंडी द्या."

"बाई, तडीपारीची दवंडी देतो आम्ही. रद्द झाल्याची दवंडी कधी दिलेली नाही."

"का नाही?"

"तशी पद्धत नाही."

"पद्धत! बदनामीची पद्धत आहे आणि ती पुसायची नाही?"

"तुम्ही शांतपणे घरी राहा ना. सुटलात ना आता? लोक विसरतात."

"लोक विसरतात हो, माझी सासू विसरत नाही," मी म्हणाले आणि उठले.

येताना लिंबाजीच्या घरी गेले. तो बाजेवर बसून विडी ओढत होता, मला बघून विझवली. "बाई, माझ्या हाती काय हाय? वरचा हुकूम आल्याबिगर हलगी वाजवली तर माझी कोतवालकी जाईल. त्या दिवशी बी माझं मन नव्हतं, पर..." त्याची दोन्ही लेकरं माझ्याच अंगणवाडीतून गेली होती.

"असू दे लिंबाजी," मी म्हणाले. "तुझ्यावर राग नाही माझा."

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला मी अंगणवाडीत गेले. मदतनीस बाईकडून खिचडीचं एक स्टीलचं ताट आणि पळी मागून घेतली. ग्रामपंचायतीसमोर उभी राहिले आणि पळीनं ताट बडवलं. बायका पाण्याला निघाल्या होत्या, त्या थांबल्या.

"ऐका हो ऐका! हातणगावची मंदोदरी नामदेव ढेपे हिला तडीपार केल्याचा आदेश हायकोर्टानं रद्द केलाय हो! साहेबांनी कागद न वाचता सही केली होती हो! तिनं कुणाला कोयता लावला नाही हो! तिची अंगणवाडी तिला परत दिलीय हो!"

कुणी हसलं, कुणी तोंडाला पदर लावला. सर्जेरावाच्या गड्यानं मोटारसायकल थांबवली, ऐकलं, आणि किक मारून निघून गेला. तो 'अ' होता की 'ब' होता, मला आजतागायत कळलं नाही. माझं मन म्हणतं, 'ब' नावाचा माणूस नव्हताच. ठाण्यात बसून कुणीतरी लिहिलं आणि त्याला एक अक्षर दिलं.

दुसरा मुक्काम पिठाच्या गिरणीपाशी. मी ताट बडवायला लागले तेवढ्यात मागून आवाज आला.

"थांबा बाई. ताट बडवू नका, त्याला पोचे पडतील. ताट लेकरांच्या जेवायचं असतं."

लिंबाजी होता. अंगात सदरा, डोक्याला पटका आणि गळ्यात हलगी.

"हुकूम आला का?" मी विचारलं.

"तुम्हीच म्हणला न्हवं, हायकोर्टाचा हाय म्हणून? मग ठाणेदाराच्या वरचाच झाला की!"

त्यानं टिपरू मारलं. काय आवाज हो तो! गिरणी बंद करून गिरणीवाला बाहेर आला. लिंबाजी हलगी वाजवायचा, मी कागद वाचायचे. गिरणीपासून आम्ही किराणा दुकानापाशी गेलो, तिथून शाळेपाशी. मागं पंधरावीस लेकरं गोळा झाली, त्यातली निम्मी माझ्या हाताखालची. शेवटी आमची गल्ली आली. जिथं तो वर्षापूर्वी उभा होता बरोबर तिथंच लिंबाजी उभा राहिला. आज मान खाली नव्हती. त्यानं हलगी वाजवली, मी वाचायला लागले. वाचताना माझा आवाज बसला होता, तरी शेवटपर्यंत वाचलं.

घडी घालून कागद पिशवीत ठेवणार, तोच आमचं दार करकरलं. आत्याबाई भिंत धरत धरत बाहेर आल्या. उजेडानं डोळे बारीक झाले होते. ओट्यावर आल्या, पदर सारखा केला आणि आपल्या जुन्या जागेवर बसल्या. साऱ्या गल्लीकडं एकदा नजर फिरवली. साखरेच्या डब्याचं झाकण दोन खोल्यांपलीकडून ऐकणारी माझी सासू मोठ्यानं म्हणाली,

"मंदे, परत वाच. मला नीट ऐकू न्हाई आलं."

लिंबाजीनं हलगी वर धरली. मी कागद पुन्हा उघडला आणि पहिल्यापासून वाचलं.